सोजरबाई सिंगापूरला गेल्या

"सिंगापूरला किती दिस ऱ्हायाचं म्हनालात?"

सोजरबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा रंगरावांनी हातातलं छापील पत्रक टेबलावर ठेवलं. चिंचवड स्टेशनजवळ त्यांची एका खोलीची कचेरी होती आणि दोन वर्षांपासून ते परदेशाच्या सहली काढत होते. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक पेन्शनीतली जोडपी, नाहीतर थोडाफार पैसा गाठीला असलेले दुकानदार. अंगावर सुती लुगडं, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी, अशी एकटी बाई या कचेरीची पायरी पहिल्यांदाच चढली होती.

"तीन दिवस, मावशी. आधी बँकॉक, मग पेनांग, शेवटी सिंगापूर. मिळून पंधरा दिवस. देवळं, बागा, मगरी, आणि बोटीतून बेटांची फेरी. सगळं दाखवणार."

"आन तितं मोकळा येळ?"

रंगराव जरा चमकले. लोक विचारत, जेवण शाकाहारी आहे ना, संडास आपल्यासारखे आहेत ना. मोकळा वेळ आजवर कोणी विचारला नव्हता.

"एक गोष्ट आधीच सांगतो," ते म्हणाले. "ग्रुप सोडून कुठं जायचं नाही. मागच्या साली एक गडी तिकडेच पळाला, आणि मी सहा महिने सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. तेव्हापासून ज्याचं कोणी तिकडे आहे, त्याला मी घेतच नाही. तुमचं कोणी आहे का?"

"न्हाई," सोजरबाई म्हणाल्या. "मला जग बघायचंय."

दर रविवारी विहारात बसून पंचशील म्हणणारी ही बाई. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं शील. ते त्यांनी रंगरावांच्या टेबलासमोर मोडलं आणि कंपनीत साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही अर्जावर केली. हे एक्याऐंशी सालच्या ऑक्टोबरातलं.

सोजरबाई कासारवाडीत, रेल्वे लायनीच्या कडेला, पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायच्या. नवरा चिमाजी पिंपरीतल्या एका औषधांच्या कारखान्यात हमाल होता. सासष्ट साली कावीळ होऊन तो गेला आणि त्याच्या जागी कंपनीनं यांना घेतलं. काम इंजेक्शनच्या कुप्या धुण्याचं. जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. भरतीच्या डॉक्टरांनी तोंडाकडे बघून त्रेचाळीस वय लिहिलं, आणि त्या अंदाजानं एक्याऐंशीच्या जूनमध्ये त्या निवृत्तही झाल्या. मधली पंधरा वर्षं त्यांचे हात पाण्यातच होते. बोटांची कातडी कायमची पांढरी पडली होती.

तीन मुलं जन्मली, त्यातलं एक जगलं. ज्योतीराम. त्याला त्यांनी शिकवला, औंधच्या आयटीआयमधून तो वेल्डर होऊन बाहेर पडला. पण नोकरी कुठं टिकेना. पाच कंपन्यांत टेंपररी लागला, आणि सहा महिने भरत आले की प्रत्येक ठिकाणी ब्रेक, म्हणजे कामावरून कमी. सत्त्याहत्तर साली मुंबईचा एक एजंट सांगत आला की, सिंगापूरच्या गोदीत वेल्डर हवेत, तिकडे ब्रेकबीक काही नाही. ज्योतीराम तेविसाव्या वर्षी गेला.

पहिलं वर्ष दर महिन्याला निळं हवाई पत्र यायचं. शेजारच्या छबूबाईची मुलगी वाचून दाखवायची. जहाजाच्या पोटात उतरून काम करतो, भात फार खावा लागतो, पाऊस रोज पडतो. अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याच्या तोंडावर शेवटचं आलं. "आये, धम्मचक्र दिनाला विहारात माझ्या नावानं मेणबत्ती लाव." त्यांनी लावली. त्यानंतर पत्र नाही.

एक महिना, दोन महिने, सहा महिने. सोजरबाई पोस्टमनच्या वाटेवर उभ्या राहायला लागल्या. शेवटी तोच लांबून मान हलवायचा, जवळ यायचीही गरज उरली नाही. त्या मुंबईला गेल्या, तर एजंटाच्या जागी शिंप्याचं दुकान. युनियनच्या माणसाकडून सिंगापूरच्या भारतीय वकिलातीला अर्ज लिहून घेतला. पाच महिन्यांनी उत्तर आलं की, दिलेल्या पत्त्यावर सदर इसम आढळला नाही. सदर इसम! छबूबाई एकदा मायेनंच म्हणाली, "सोजरे, आता मन घट्ट कर. पानी सोड त्याच्या नावानं." त्या दिवसापासून सोजरबाईंनी छबूबाईच्या घरचा चहा सोडला.

फंड हातात आला तेव्हा वस्तीतले लोक म्हणाले, पत्रे काढून स्लॅब टाक. कंपनीत कुप्या धुण्याच्या खात्यातली एक बाई मात्र सहज बोलून गेली की, तिचा साहेब सहलीबरोबर सिंगापूर बघून आला. एवढंच. सोजरबाईंना दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्या रंगरावांच्या कचेरीत होत्या. "म्हातारीला चळ लागला," असं वस्तीत उघड बोललं जाऊ लागलं. "पोरगं गेलं, आन ही विमानात बसतीया." त्यांनी कोणालाही उत्तर दिलं नाही. सांगितलं असतं तर गोष्ट रंगरावांच्या कानावर जायला कितीसा वेळ?

नोव्हेंबरात बावीस जण निघाले. खोलीत जोडीदार म्हणून सोजरबाईंच्या वाट्याला सुमनताई आल्या. चिंचवडगावात राहणाऱ्या, निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्याच. बँकॉकला पहिल्याच संध्याकाळी त्या रंगरावांना दाराबाहेर हळू आवाजात म्हणाल्या, "दुसरी खोली मिळणार नाही का हो?" रंगराव म्हणाले, नाही. सोजरबाईंना आत सगळं ऐकू आलं. अशा गोष्टी ऐकून न ऐकल्यासारखं करायची त्यांना जन्माची सवय होती. त्यांनी आपली पिशवी खाटेच्या पलीकडच्या कोपऱ्यात सरकवली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या देवळात नेलं. आडवा पहुडलेला सोन्याचा बुद्ध. पायाशी उभं राहिलं तर डोकं दिसत नाही इतका लांब. ग्रुपमधले लोक फूट आणि इंच विचारू लागले, कोणी फोटोसाठी जागा शोधू लागलं. सोजरबाई मात्र खालीच बसल्या. हात जोडून त्यांनी त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं आणि चौथ्या शीलापाशी त्या अडल्या. बुद्धाकडे काही मागायचं नसतं, हे विहारात शंभरदा सांगितलेलं. तो देव नाही, तो वाट दाखवणारा. सोजरबाईंना हे पटलेलंही होतं. तरी तिथे बसून त्या ओठातल्या ओठात म्हणाल्या, "मग वाट तरी दाव." पदरानं डोळे पुसून उठल्या तेव्हा ग्रुप बसकडे निघाला होता आणि रंगराव त्यांच्या नावानं ओरडत होते.

पुढचे दिवस असेच गेले. पाण्यावरचा बाजार, हत्तींचे खेळ, रेशमाचा कारखाना. लोक जे बघत ते सोजरबाईंना दिसतच नव्हतं. त्या माणसं बघत होत्या. सावळ्या रंगाचा, आपल्याकडचा वाटेल असा कोणी तरुण दिसला की त्यांचा पाय थबकायचा. पेनांगला हॉटेलच्या मागच्या बाजूला एक तमिळ पोऱ्या भांडी घासत होता, त्याला त्यांनी पिशवीतून ज्योतीरामचा फोटो काढून दाखवला. त्याला बोलणं कळलं नाही, त्यानं मान हलवली. त्या वळल्या तर मागे सुमनताई उभ्या.

दुसऱ्या दिवशी पेनांगची मोठी होडी मुख्य किनाऱ्याकडे निघाली, मोटारीसुद्धा पोटात घेणारी, तेव्हा सुमनताई कठड्यापाशी सोजरबाईंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही सहलीला आलेल्या नाहीत," त्या म्हणाल्या.

सोजरबाईंनी कठडा घट्ट धरला. "बाई, तुमी रंगरावास्नी सांगनार?"

"आधी मला तर सांगा."

मग सोजरबाईंनी सांगितलं. होडी पलीकडे लागेपर्यंत सगळं सांगून झालं. ब्रेक, एजंट, निळी पत्रं, शिंप्याचं दुकान, सदर इसम. शेवटचं पत्र त्यांनी पिशवीतून काढलं. घडीवर फाटत आलेलं, मागून चिकटपट्टी लावलेली. सुमनताईंनी चष्मा लावून पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला. तेलोक ब्लांगा, एका इमारतीचा नंबर, खोलीचा नंबर.

"पत्ता तीन वर्षांपूर्वीचा आहे," त्या म्हणाल्या. "तिथे कोणी नसलं तर?"

"तर न्हाई म्हनून माज्या कानानं ऐकीन. आता कोन कायबी सांगतंय, आन मी कुनाचं खरं मानू?"

सुमनताईंनी पत्राची घडी होती तशी घातली. मग म्हणाल्या, "खोलीच्या बाबतीत मी रंगरावांशी बोलले होते. तुम्ही ऐकलं असेल."

"ऐकलं व्हतं."

"चुकलं माझं." एवढंच बोलून त्यांनी पत्ता आपल्या वहीत इंग्रजीत उतरवून घेतला.

दोघींनी बेत ठरवला. सिंगापूरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खरेदीसाठी अडीच तास मोकळे होते. टॅक्सी करायची, पत्त्यावर जायचं, परत यायचं. पहिला दिवस शहर दाखवण्यात गेला. बस तेलोक ब्लांगाच्या बाजूनं गेली असेल, नसेल, सोजरबाईंना कळायला मार्ग नव्हता. सगळ्याच इमारती सारख्या, उंच, खिडक्यांतून बांबूवर वाळत घातलेले कपडे. त्या प्रत्येक बांबूवर एखादा ओळखीचा सदरा दिसतो का बघत राहिल्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला रंगराव म्हणाले, "मंडळी, दुपारी पावसाचा रंग दिसतोय, म्हणून बेटांची फेरी आत्ताच घेतोय. खरेदी जमली तर संध्याकाळी."

सोजरबाईंच्या हातातला कप बशीवर आपटला. सुमनताई उठून म्हणाल्या, "रंगराव, आम्ही दोघी नाही येत. माझं डोकं दुखतंय."

"तुम्ही थांबा, बाई. मावशींना मी एकटं सोडणार नाही, त्यांना भाषा येत नाही. पैसे भरलेत त्यांनी, बेटं नकोत बघायला?"

काही बोलावं तर खोटं उघडं पडणार, न बोलावं तर दिवस जाणार. सोजरबाई उभ्याच राहिल्या आणि लोकांच्या रेट्याबरोबर बसमध्ये चढल्या. सुमनताईंचं डोकं लगेच बरं झालं, त्याही मागून आल्या.

चिनी बांधणीची, लाल रंगाची बोट होती. वर कापडी छत, बाकं, कर्ण्यातून एक मुलगी इंग्रजीत माहिती सांगत होती. धक्का मागे पडला तसं वारं सुटलं. लोक खुशीत आले, कोणी गाणं म्हणायला लागलं. सोजरबाई डाव्या बाजूच्या बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. उद्या दुपारी विमान. आज हे. मग सगळं संपलं. पंधरा वर्षं कुप्या धुतल्या, त्याचं जे काही झालं ते या बोटीत बसण्यासाठी झालं, असं त्यांच्या मनात येत होतं.

तेवढ्यात कर्ण्यातली मुलगी काही म्हणाली आणि सगळे डावीकडे सरकले. "जहाजं दुरुस्त करतात इथे," सुमनताईंनी सांगितलं, आणि सांगता क्षणी त्यांनाच वाटलं की, सांगायला नको होतं.

किनाऱ्याला लागून गोदी होती. उंच उंच क्रेन, कोरड्या हौदात उभी केलेली जहाजं, गंजानं लाल झालेली. त्यांच्या अंगाला फळ्या टांगलेल्या, आणि फळ्यांवर माणसं. मुंग्यांएवढी. मधूनच एखाद्या ठिकाणी निळा-पांढरा उजेड लखलखायचा आणि विझायचा.

सोजरबाईंना तो उजेड माहीत होता. ज्योतीराम शिकत होता तेव्हा त्या एकदा त्याला डबा द्यायला गेल्या होत्या. "आये, हिकडं बघू नगं, डोळे जातील," म्हणून तो ओरडला होता.

त्या बाकावर चढल्या. कोणाला काही कळायच्या आत त्यांनी छताची दांडी धरली आणि सगळ्या छातीनिशी हाक मारली, "ज्योतीराऽऽम! ज्योत्याऽऽ! आरं म्या आलीया!"

बोटीतलं गाणं थांबलं. एकजण हसला. सोजरबाई हाका मारतच राहिल्या. गोदीतून घणांचा आणि यंत्रांचा आवाज येत होता, त्यात बोटीवरची हाक बोटीवरच्यांनाही धड ऐकू येत नव्हती. सुमनताईंनी त्यांचा पाय धरून ठेवला होता, न जाणो तोल जाईल. दोघी तिघींनी मिळून त्यांना खाली बसवलं, तेव्हा त्यांचा आवाज बसला होता आणि गोदी मागे गेली होती.

रंगराव समोर येऊन उभे राहिले. चेहरा पांढरा पडलेला. "मावशी, कोण ज्योतीराम?"

"माजा ल्योक."

"तुम्ही म्हणालात तुमचं कोणी नाही!"

"खोटं बोलले. खरं बोलले असते तर तुमी आनलं असतं?"

बोट एका लहानशा बेटाला लागली. कासवांचं बेट म्हणत त्याला. वर चिनी देऊळ होतं, खाली कुंडात शेकडो कासवं. लोक खाली उतरून गेले, पण जाताना त्यांची कुजबुज सोजरबाईंना ऐकू येत होती. एक गृहस्थ मोठ्यानंच म्हणाले, "हिच्यापायी आपल्या सगळ्यांचे पासपोर्ट अडकायचे." रंगराव, सोजरबाई आणि सुमनताई धक्क्याच्या पायऱ्यांवर राहिले.

सोजरबाईंनी रंगरावांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले, तर त्यांनी ते पुन्हा धरले.

"आवो मला निस्तं दारापत्तुर न्या. म्या पळनार न्हाई. ह्या वयात पळून कुटं जाऊ? माजा पासपोट तुमच्याजवळ हाय. लुगड्याची गाठ बांधून ठिवा तुमच्या हाताला. पन न्या."

"उठा हो, उठा आधी. लोक बघताहेत."

सुमनताई म्हणाल्या, "रंगराव, तुम्ही नाही नेलंत तर मी नेणार. आणि मी यांच्यासारखी विचारणार नाही."

रंगरावांनी सिगारेट पेटवली. वाईट माणूस नव्हता तो, पण पोटावरचा पाय कोणाला सोसतो? शेवटी म्हणाले, "उद्या सकाळी नऊ वाजता. मी बरोबर येणार. बारा वाजता मुलगा सापडो न सापडो, तुम्ही परत गाडीत बसायचं. कबूल?"

"कबूल," सोजरबाई म्हणाल्या. त्या वेळी त्या कशालाही कबूल म्हणाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी त्या इमारतीखाली थांबली. सहावा मजला. दार एका चिनी बाईनं उघडलं. ती इथे दोन वर्षं राहत होती, आधी कोण होतं तिला ठाऊक नव्हतं. तिनं दार लावून घेतलं. सोजरबाई त्या बंद दारासमोर उभ्या राहिल्या. माझ्या कानानं ऐकीन, असं म्हणाल्या होत्या. ऐकलं, आणि तरी पाय हलेनात.

इमारतीखाली एका तमिळ माणसाची चहाची टपरी होती. सुमनताईंनी त्याला फोटो दाखवून इंग्रजीत विचारलं. त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "मुत्तू?"

"नाही, नाही. ज्योतीराम."

त्या माणसानं रंगरावांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं, हातातल्या कागदांच्या पाकिटाकडे बघितलं, आणि फोटो परत केला. मला माहीत नाही, असं तो म्हणाला. पण सोजरबाईंना त्याचं तोंड वाचता आलं. याला माहीत आहे. त्यांनी पुढे होऊन स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "आई. म्या आई हाय त्याची. आई."

"अम्मा?" तो म्हणाला.

"व्हय, अम्मा."

त्यानं टपरी तशीच टाकली आणि हातानं या म्हणून खुणावलं. पाच मिनिटं चालल्यावर एका पत्र्याच्या शेडपाशी आले. जुने नळ, लोखंडी पट्ट्या, गंजाचा वास. बाहेर एकजण ग्राइंडर चालवत होता. चहावाला आत गेला आणि त्याच्या मागोमाग एक माणूस बाहेर आला. गालफडं बसलेली, केस विरळ, हातावर भाजल्याचे डाग. सत्तावीस वर्षांचा माणूस चाळिशीचा दिसत होता.

आईला बघून तो जागच्या जागी थिजला. मग त्यानं तिच्या मागे बघितलं. रंगरावांकडे बघितलं. रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघितलं, आणि धावत येऊन त्यानं सोजरबाईंचा दंड धरून त्यांना शेडच्या ताडपत्रीच्या आड ओढलं.

"आये, तू हितं कशी? कुनासंगं आलीस? त्यो मानूस कोन हाय? पोलीस हाय का?"

चार वर्षांनी ऐकलेले हे पहिले शब्द. सोजरबाईंनी उत्तर द्यायच्या ऐवजी त्याचं तोंड दोन्ही हातांत घेतलं. तो हात काढायला बघत होता आणि त्या सोडत नव्हत्या.

मग कळलं ते असं. एजंटानं दिलेला कामाचा परवाना एका वर्षाचा होता. तो संपायच्या आत ठेकेदार सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन नाहीसा झाला. काहीजण पकडले गेले. ज्योतीराम लपला. मुत्तू नावाचा एक वेल्डर गावी निघून गेला होता, त्याच्या कामाच्या पासावर, त्याच्याच नावानं, हा काम करत होता. मिळेल त्या पैशात, कारण तक्रार करायला तोंड नाही. पोस्टात पत्र टाकलं तर माग लागेल अशी भीती, म्हणून घरी जाणाऱ्या लोकांच्या हाती चार चिठ्ठ्या दिल्या होत्या. एकही पोचली नव्हती.

"आन मग लाज वाटाया लागली," तो म्हणाला. "काय लिहू? तुजा ल्योक मुत्तू झालाय म्हनून?"

"चल घरी."

"कसा येऊ? पासपोट न्हाई. सोताहून गेलो तर जेलात घालतील."

"किती दिस?"

"कुनाला ठावं! दोन म्हैनं, सा म्हैनं."

"आरं, तीन वर्सं झाली मी जेलातच हाय की!" सोजरबाई एकदम ओरडल्या. "मला कुनी इचारलं किती दिस?"

बाहेर ग्राइंडर थांबला होता. सुमनताई ताडपत्रीजवळ येऊन समजावून सांगू लागल्या की, वकिलातीत जावं, नाव सांगावं, ते कागद करून देतात. शिक्षा झाली तरी ती संपते. ज्योतीराम मान खाली घालून ऐकत होता. हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता. त्याचे डोळे सारखे रस्त्यावर जात होते. सुमनताईंनी वकिलातीचा पत्ता कागदावर लिहून त्याच्या खिशात कोंबला.

पावणेबारा वाजले तसे रंगराव घड्याळ दाखवू लागले. सोजरबाई शेडच्या जमिनीवर बसल्या. त्या गंजलेल्या मातीत मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "म्या न्हाई येत. जावा तुमी."

"मावशी, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला व्हता. पयलाबी खोटाच व्हता, ह्योबी खोटा."

रंगरावांचा तोल सुटला. "अहो, तुम्ही राहिलात तर मला पोलिसांना कळवावंच लागेल! मग ते तुम्हाला शोधत इथे येतील, आणि सापडेल कोण? हाच!"

सोजरबाईंनी लेकाकडे बघितलं. त्याच्या तोंडावर जी भीती उमटली ती बघून त्यांचं सगळं बळ गेलं. तरी उठवेना. शेवटी ज्योतीरामनंच त्यांच्या काखांत हात घातले आणि लहान पोराला उचलावं तसं उचलून त्यांना टॅक्सीत नेऊन बसवलं. त्यांचं वजन किती कमी झालंय, हे त्याला तेव्हा कळलं असावं. दार लावताना तो म्हणाला, "तू जा. मी बघतो."

येतो म्हणाला नाही. बघतो म्हणाला.

विमानात सोजरबाईंनी हेच एक वाक्य उलटंपालटं करून बघितलं. सुमनताईंनी त्यांचा हात धरून ठेवला होता. कासारवाडीला परतल्यावर वस्तीतल्या बाया जमल्या, काय काय बघितलं विचारायला. सोजरबाई म्हणाल्या, "समुद्र," आणि आत जाऊन निजल्या. ज्योतीराम सापडल्याचं त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं आणि तो आलाच नाही तर? हरवलेला मुलगा लोकांना समजतो. सापडून न येणारा कसा समजावायचा? कधी कधी त्यांना वाटे, आपण गेलो नसतो तर बरं होतं. निदान तो कुठे सुखात असेल असं मनाला सांगता आलं असतं. आता ती शेड, ते बसलेले गाल, रस्त्याकडे जाणारे डोळे, हे सगळं डोळे मिटले तरी दिसायचं. डिसेंबर गेला. जानेवारी गेला. त्या जेवायच्या म्हणून जेवत होत्या.

फेब्रुवारीत सरकारी शिक्क्याचं पाकीट आलं. ते उघडायची त्यांना हिंमत झाली नाही. तसंच घेऊन त्या चालत चिंचवडगावात सुमनताईंकडे गेल्या. सुमनताईंनी वाचलं आणि त्या खुर्चीवर बसल्या. वकिलातीत एक इसम आला आहे, तो स्वतःला ज्योतीराम चिमाजी म्हणवतो, पण त्याच्याजवळ पुरावा नाही. तो कोण हे सिद्ध करणारे कागद पाठवावेत.

पुढचे आठ दिवस दोघी म्हाताऱ्या कागदांमागे हिंडल्या. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, आयटीआयचं प्रमाणपत्र. शाळेतला कारकून म्हणाला, जुनी रजिस्टरं शोधायला महिना लागेल. सुमनताई त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मी तीस वर्षं शाळा चालवली आहे. मला रजिस्टर दाखवा, मी शोधते." दुपारपर्यंत सापडलं. ज्या ज्या कागदावर साहेबाची सही हवी तिथे, सुमनताईंनी निरोप धाडल्यावर, रंगरावांनी स्वतः मोटारसायकलवरून जाऊन सह्या आणल्या.

ज्योतीरामला दोन महिने तुरुंग झाला. नंतर त्याला बोटीनं मद्रासला पाठवलं आणि तिथून रेल्वेनं तो ब्याऐंशीच्या जूनमध्ये घरी आला. हातात एक प्लॅस्टिकची पिशवी, बाकी काही नाही.

घरी आल्याचा आनंद म्हणाल तर फार दिवस टिकला नाही. तो उंबऱ्याबाहेर पडेना. खाकी कपड्यातला पोस्टमन दिसला तरी आतल्या खोलीत जायचा. एकदा आईवर चवताळून म्हणाला, "तू आली नसतीस तर म्या माज्या मनानं कवातरी आलोच असतो. चार मानसांत माजी इज्जत ठिवली न्हाईस." सोजरबाईंनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. त्यांना ते खरं वाटलं नाही, आणि खोटंही वाटलं नाही.

भोसरीच्या एका लहान शेडमध्ये वेल्डर हवा होता. ज्योतीराम दोनदा दारापर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्या दिवशी सोजरबाई सोबत निघाल्या. तो म्हणाला, "तू नगं येऊस." त्या थांबल्या. तो एकटाच गेला, आणि दुपार झाली, चार वाजले, तरी आला नाही. सोजरबाई दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या.

सहाच्या सुमाराला तो आला. डोळे लालभडक, पाण्यानं भरलेले, उघडवत नव्हते. सोजरबाई धसकल्या. तो भिंतीला धरून खाली बसला आणि म्हणाला, "काय न्हाई झालं, आये. त्यांची तोंडावर धरायची काच जुनी हाय, वेल्डिंगच्या उजेडाची झळ लागली. उद्या नवी देतो म्हनला मालक."

सोजरबाईंनी टोपलीतून बटाटा घेतला, पातळ चकत्या कापल्या, आणि त्याला आडवं करून दोन्ही डोळ्यांवर ठेवल्या. चकत्या गरम झाल्या की त्या बदलत राहिल्या.

"उद्या किती वाजता जायाचं?" त्यांनी विचारलं.

"आठला," ज्योतीराम म्हणाला.